पेटीपेक्षा टोपली बघा: तळकोकणातला उन्हाळी आठवडा बाजार

सावंतवाडीचा मंगळवार असो की कुडाळचा बुधवार, मार्च ते मे या तीन महिन्यांत तळकोकणातल्या आठवडा बाजाराला जी कळा असते ती उरलेल्या वर्षात नसते. बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं की त्याची नजर आधी हापूसच्या पेटीवर जाते. आंबा घ्यायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण पेटी मुंबई-पुण्यातही दारात येते. ओले काजूगर, रायवळ (गावठी आंबे), रातांबे (कोकमाची फळं), करवंदं, कुयरी (भाजीचा कोवळा फणस) हा माल मात्र एक-दोन दिवसांच्या वर टिकत नाही, म्हणून तो घाट चढतच नाही. त्यासाठी बाजारातच यावं लागतं, आणि योग्य आठवड्यात यावं लागतं.

आधी वेळेचं. सकाळी साडेसात ते दहा हीच खरी वेळ. गावागावांतून पहिल्या-दुसऱ्या एसटीने बायका टोपल्या घेऊन उतरतात आणि रस्त्याच्या कडेला, गोणपाटावर बसतात. पक्क्या गाळ्यांतला बराचसा माल घाटावरून आलेला असतो. कांदे-बटाटे तिथून घ्या, गावठी माल खाली बसलेल्यांकडून घ्या. उन्हं तापली की तांबडी भाजी माना टाकते, करवंदं पाझरायला लागतात आणि काजूगर बुळबुळीत होतात. अकरानंतर भाव उतरतो, पण तेव्हाच्या स्वस्ताईत फारसा अर्थ नाही. फक्त फणस आणि सुकी मासळी दुपारी घेतली तरी बिघडत नाही.

भावाचे आकडे इथे देत नाही, कारण ते दर आठवड्याला हलतात. मापं मात्र समजून घ्या. काजूगर शेकड्यावर, हापूस डझनावर, रायवळ डझनावर किंवा शेकड्यावर, करवंदं मापावर किंवा पानाच्या खोल्यावर, मिरच्या आणि लिंबं वाट्यावर. वाटा घेताना वरची चार फळं बघून भुलू नका, हाताने एकदा खालवर करून बघा. विकणारी काकी रागावत नाही, उलट घेणारा जाणकार आहे एवढं तिला कळतं. यूपीआय बऱ्याच ठिकाणी चालतं, तरी टोपलीवाल्यांसाठी सुटे पैसे जवळ हवेत.

आता काजूगर, कारण या बाजाराची खरी परीक्षा तिथे आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत यांचा भर. झाडावरची बी हिरवी असतानाच काढायची, उभी चिरायची आणि टोकदार काडीने गर बाहेर काढायचा, असं हे काम. कवचात जो डीक असतो तो कातडी भाजून काढतो. म्हणून बी फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा खोबरेल लावून बसतात, आणि तरीही त्यांची बोटं काळी पडलेली, सोललेली दिसतात. शेकड्याचा भाव ऐकून महाग म्हणणाऱ्यांनी एक हिशेब करावा. काजूच्या जातीप्रमाणे शंभर बियांचं वजन सुकल्यावर अर्धा ते एक किलो भरतं. लहान गावठी बी असेल तर अर्ध्या किलोच्या आसपास, ‘वेंगुर्ला-७’सारखी मोठी बी असेल तर किलोच्या जवळ. म्हणजे शंभर ओल्या गरांमागे बागायतदाराने तेवढी सुकी बी सोडलेली असते, वर फोडणीची मजुरी वेगळी. सुक्या बीचा त्या वर्षीचा भाव माहीत असेल तर शेकड्याचा रास्त भाव तुम्हाला घरबसल्या काढता येतो, आणि मग घासाघीस करावीशी वाटत नाही.

निवड कशी करायची? गर बोटांत धरून हलकेच दाबा. ताजा गर टणक लागतो, वरची साल ओलसर पण चिकट नसते आणि चिरलेली बाजू पांढरी-हिरवट दिसते. साल बुळबुळीत लागली, आंबूस वास आला किंवा चिरलेली कड तपकिरी झाली असेल तर माल कालचा आहे. “आजचे काय कालचे?” असं सरळ विचारा, बहुतेक जणी खरं सांगतात. गरावर काळे ठिपके असतील तर तो डीक लागलेला आहे. असे गर नीट न धुता शिजवले तर ओठांना आणि जिभेला चरचर लागते. दोन-चार असतील तर बाजूला काढा, अख्ख्या शेकड्यात असतील तर तो शेकडा सोडून द्या. फार कोवळे गरही घेऊ नयेत. चपटे आणि पाणचट गर शिजल्यावर विरघळतात, उसळीत हाताला काही लागत नाही.

घरी आल्यावर उकळीचं पाणी ओतून गर दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा. साल मग चिमटीत धरली की सटकन निघते. ते पाणी फेकून द्यायचं, आमटीत वापरायचं नाही; सालीचा तुरटपणा आणि राहिलेला डीक त्यात उतरलेला असतो. चार माणसांच्या उसळीला शंभर गर पुरतात. साठवायचे असतील तर सोललेले गर उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं ठेवून लगेच गार पाण्यात टाका, फडक्यावर पूर्ण कोरडे करा आणि लहान लहान पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवा. पावसाळ्यातही उसळ होते. उकळीत न बुडवता तसेच गोठवले तर काढल्यावर काळपट पडतात आणि चव खवट होते. नुसत्या फ्रीजमध्ये पाण्यात बुडवून, रोज पाणी बदलून, तीन दिवसांच्या वर ठेवू नका.

काजूचे बोंडू त्याच टोपलीच्या शेजारी असतात. पिवळे बोंडू सहसा लालपेक्षा कमी खवखवतात. चिरून, मीठ लावून तिथल्या तिथे खाण्याची ही गोष्ट आहे. घरी नेईपर्यंत पिशवीत पाणी सुटतं आणि कपड्यांवर पडलेला डाग जात नाही.

आंब्याकडे येऊ. देवगड आणि रत्नागिरी ही नावं तोंडात बसलेली असली तरी हापूसचं भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांना मिळून. म्हणजे सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या बागेतला हापूसही तितकाच अस्सल. आठवडा बाजारात ‘देवगड’ छापलेला खोका बघून जादा पैसे मोजण्यापेक्षा बागायतदार समोर बसला असेल तर त्याच्याकडून सुटा, गवतातला आंबा घेणं केव्हाही चांगलं. छापील खोका कुणीही विकत घेऊ शकतो, आत कुठला आंबा आहे ते खोका सांगत नाही.

फळ चौदा आणे, म्हणजे सोळा आण्यांतले चौदा, जवळजवळ पूर्ण तयार झालेलं हवं. खांदे भरलेले, देठाच्या बाजूला उचललेले आणि देठ मधल्या खळग्यात गेलेलं, ही खूण. खांदे उतरते असतील तर आंबा कोवळा काढलेला आहे. तो पिवळा होईल, पण सुरकुतेल आणि आंबटच राहील. घरी तपासायचं असेल तर कच्चा आंबा बादलीभर पाण्यात सोडा: तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. देठाचा छोटा तुकडा शिल्लक असलेलं फळ घ्या. देठ मुळातून तुटलं की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि कूज बहुधा देठापासूनच सुरू होते. कोकण कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याने (आंबा उतरवायच्या जाळीदार काठीने) काढलेल्या आंब्याला देठ शाबूत राहतं आणि फळ जमिनीवर आपटत नाही, म्हणून “झेल्याने काढलाय का?” हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

कार्बाइडने पिकवलेला आंबा ओळखायला फार हुशारी लागत नाही. सगळी पेटी एकसारखी पिवळीधमक, वास जवळजवळ नाही, दाबलं तर वरून मऊ आणि आत कडक. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूला ठरावीक प्रमाणात परवानगी आहे आणि त्याने पिकवलेल्या आंब्यात वावगं काही नाही. दोन्हींना एकाच मापाने मोजू नये. आढीत पिकलेल्या पेटीत मात्र सगळी फळं कधीच एका रंगाची नसतात. काही पिवळी, काही हिरवट, आणि झाकण उघडताच वास.

कच्चा आंबा घेणं सर्वांत शहाणपणाचं. भाताच्या पेंढ्यात किंवा सुक्या गवतात देठ खाली करून दोन थर लावा, तिसरा नको. थर वाढला की खालची फळं वरच्यांच्या वजनाने आणि उष्णतेने नासतात. दर दोन दिवसांनी वरखाली करा, डागी फळ लगेच काढून टाका. आठ ते दहा दिवसांत आंबा तयार होतो. कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवणं ही नेहमीची चूक. थंडीने साल करपते आणि पुढे तो धड पिकत नाही. पिकल्यावर मात्र दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये चालतो.

आणि साका. बाहेरून टवटवीत, कापल्यावर बाठ्याजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग. तो वरून ओळखता येत नाही, त्यामुळे विकणाऱ्याशी भांडून उपयोग नाही. झाडावर जास्त तयार होऊ दिलेल्या आणि काढल्यावर तापलेल्या जमिनीवर पडून राहिलेल्या फळांत तो जास्त सापडतो, म्हणून मोसमाच्या शेवटी मोठी मोठी, फार फुगलेली फळं टाळा. तेवढा भाग काढून उरलेला आंबा खुशाल खावा. साक्याने कंटाळलेल्यांनी दापोलीच्या विद्यापीठाची ‘रत्ना’ ही जात विचारावी. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली ती आली. हापूसचा वास तिला तंतोतंत नाही, पण साका होत नाही. बाजारात ती थोडी असते आणि पुष्कळदा हापूसच्या ढिगातच मिसळलेली असते.

सावंतवाडी, बांदा, दोडामार्गकडच्या बाजारात मानकुराद हा गोव्याचा आंबा मिळतो. गोव्याच्या सीमेला लागून असल्याचा हा फायदा. मोसमाच्या सुरुवातीला त्याचा भाव हापूसच्या वर जातो, मेच्या मध्याला आवाक्यात येतो. तेव्हाच घ्या. पायरी आमरसाला उत्तम, पण पिकल्यावर दोन दिवसांच्या वर थांबत नाही. रस काढायचा दिवस ठरवून मगच घ्यावी.

माझ्या मते या सगळ्यांच्या वरताण आहे तो रायवळ. प्रत्येक झाडाची चव निराळी, म्हणून एक फळ चोखून बघितल्याशिवाय डझन घेऊ नये. टोपलीवाली आपणहून एक पुढे करते. रायत्याला लहान, गोल, पातळ सालीचे आणि गोडीला किंचित आंबट झाक असलेले आंबे हवेत. निव्वळ गोड आंब्याचं रायतं मिळमिळीत होतं. दहा-बारा आंबे सोलून, बाठ्यासकट ठेवायचे. सालींना लागलेला रस पाव वाटी पाण्यात कोळून तोही घ्यायचा. एक वाटी ओलं खोबरं आणि तीन-चार सुक्या मिरच्या वाटून झाल्यावर शेवटी चहाचा एक चमचा मोहरी घालून वाटपाचे दोनच फेरे द्यायचे. मोहरी सुरुवातीपासून वाटली तर कडू होते, आणि रायतं बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. गूळ आंब्याच्या गोडीवर, साधारण १०० ते १५० ग्रॅम.

रायवळात दोन धोके. पहिला पडीच्या आंब्यांचा. वाऱ्याने पडलेल्या फळाला एका बाजूला मऊ, पाणी धरलेला डाग असतो. ते त्या दिवशी खाण्यापुरतं ठीक, लोणच्याला अजिबात नको. दुसरा फळमाशीचा. वळवाची एखादी सर पडून गेली की हा उपद्रव वाढतो. सालीवर टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि भोवती किंचित खोलगट, मऊ वर्तुळ दिसलं की आत अळी आहे असं समजा. मेच्या अखेरीस रायवळ घेतला तर चोखायचा मोह आवरून चिरून खावा.

लोणच्याची कैरी एप्रिलच्या अखेरीपासून. बाठ धरलेली, चिरताना कोयता ‘कट’ वाजेल अशी. बाजारातच फोडी करून देणारे असतात. पण कैरी आधी घरी धुऊन, पुसून कोरडी करून आणलेली नसेल तर फोडी घरीच करा. ओल राहिली की आठ दिवसांत बुरशी धरते. किलोभर फोडींना १५० ते २०० ग्रॅम मीठ, आणि ते खडे मीठच. शिरोड्याची मिठागरं १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे सगळ्यांना ठाऊक आहेत. मिठागराचं जाडं मीठ या बाजारांत मेपर्यंत सहज मिळतं. वर्षाचं मीठ आताच भरून ठेवा, पावसाळ्यात ते पाणी सोडतं.

रातांबे एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात दिसू लागतात, भर मे महिन्यात. लाल-जांभळे, सालीला चकाकी असलेले, बोटाने दाबल्यावर किंचित दबणारे घ्या. हिरवट-पिवळ्या फळांचा रंग उतरत नाही. फुटके फळ त्याच दिवशी आंबतं. सरबतासाठी हिशेब सोपा: किलोभर फळांतून साधारण अर्धा किलो साल निघते, आणि सालीच्या दुप्पट साखर. चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत साल-साखरेचे थर द्या, वरचा थर साखरेचा. तोंडाला फडकं बांधून सात-आठ दिवस उन्हात ठेवा, रोज कोरड्या लाकडी पळीने हलवा, मग गाळा. एक भाग रसाला पाच-सहा भाग पाणी, चवीला मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड.

बिघडतं कुठे? साखर कमी घातली की चौथ्या दिवशी फेस येतो आणि रस दारूसारखा वास मारतो. अॅल्युमिनियमचं किंवा लोखंडाचं भांडं वापरलं की आंबटपणा भांडं खातो, रंगही काळवंडतो. आणि वळवाच्या पावसात भिजलेली साल घेतली तर कितीही साखर घातली तरी ती टिकत नाही, म्हणून रातांबे मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत. गाळून उरलेल्या साली फेकू नका, वाळवल्या की मुलं चॉकलेटसारख्या खातात.

तयार आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घेताना बाटली उलटी करून बघा. खरं आगळ गडद जांभळट-लाल असतं, तळाला थोडा गाळ असतो आणि ते चवीला खारट असतं, कारण टिकण्यासाठी किलोला १५०-२०० ग्रॅम मीठ घातलेलं असतं. झाकण फुगलेली किंवा उघडताना ‘फुस्स’ आवाज करणारी बाटली नको. त्यात मीठ कमी पडलंय. रंग मिसळल्याचा संशय आला तर चार थेंब आगळ अर्ध्या पेलाभर पाण्यात घालून त्यात चिमूट-दोन चिमूट खायचा सोडा टाका. कोकमाचा अंगचा रंग निळसर, काळपट होतो. तसाच गुलाबी-लाल राहिला तर तो बाटलीतला रंग. सोलकढीसाठी नारळाचं दूध गार हवं, कोमट दुधात आगळ घातलं की ते फाटतं.

आमसुलं मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात नवी येतात. साली उन्हात वाळवून पुन्हा मीठ घातलेल्या रातांब्याच्या रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, अशी चार-पाच पुटं दिलेलं आमसूल काळपट-जांभळं, लवचीक आणि दाटसर लागतं. एक-दोन पुटांवर आटोपलेलं पातळ आणि कडकड मोडणारं असतं. हाताला ओलं लागत असेल आणि मिठाचे खडे चिकटलेले दिसत असतील तर तुम्ही वजनाला मीठ विकत घेताय. बियांपासून काढलेल्या कोकमतेलाचे पांढरट गोळेही याच बायकांकडे मिळतात, टाचांच्या भेगांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

फणसाच्या बाबतीत एकच निक्षून सांगणं: कापा (कडक गऱ्यांचा) की बरका (मऊ, रसाळ गऱ्यांचा) हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. बाहेरून भेद करणं जाणत्यालाही अवघड जातं. कापा गरे खायला, बरका सांदणांना आणि साठांना. पिकलेल्या फणसाचे काटे एकमेकांपासून दूर होऊन बोथट होतात, थापटल्यावर आवाज भरीव न येता पोकळ येतो, आणि वास तर दहा पावलांवरून येतो. अख्खा फणस दहा किलोच्या पुढे जातो; छोट्या कुटुंबाने चिरलेला पाव भाग घ्यावा, तसा देणारे असतात. कोयत्याला आणि हाताला खोबरेल लावल्याशिवाय चिरायला बसू नये, चीक पाण्याने निघत नाही. भाजीची कुयरी मार्च-एप्रिलमधली, किलो-दीड किलोची, आतून गरा न धरलेली. चिरलेले तुकडे लगेच हळदीच्या पाण्यात टाका, नाहीतर काळे पडतात. आठळ्या वेगळ्या विकायला असतात. धुऊन, सावलीत सुकवून, मडक्यात कोरड्या मातीत किंवा राखेत पुरल्या की श्रावणापर्यंत पुरतात.

करवंदं मेची. काळी पूर्ण पिकलेली त्याच दिवशी संपवायची. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवायची असतील तर लालसर असलेली घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत घालून मिळाली तर घेऊ नका, खालची निम्मी चेंगरलेली निघतात. पानाच्या खोल्यात किंवा आपल्या डब्यात घ्या आणि खायच्या वेळीच धुवा. जांभळं महिन्याच्या शेवटी. त्यांच्यावरची पांढुरकी लव शाबूत असेल तर हाताळलेली नाहीत. पाऊस लागलेलं जांभूळ पाणचट होतं. जामची फळं बघायला देखणी, चवीला बेताची.

भाजीत तांबडी भाजी, वालीच्या लांब शेंगा आणि आठ धारांची गावठी पांढरी भेंडी सोडू नका. भेंडीचं टोक मोडून बघा, टचकन मोडली तरच कोवळी. ही भेंडी जून झाली तरी वरून कोवळीच दिसते. यंदाचे कुळीथ मार्चपासून येतात. दाणा दाताखाली कडक वाजला पाहिजे. खडे असतातच, पिठी दळण्याआधी पाखडून, निवडून, मंद भाजून घ्या. कच्च्या कुळथाची पिठी उग्र लागते आणि लवकर किडते. सुरंगीच्या फुलांचे वळेसार (गजरे) फेब्रुवारी-एप्रिलमध्ये वेंगुर्ल्याच्या बाजूने येतात. सकाळी नऊच्या आत मिळाले तर मिळाले.

राहिली सुकी मासळी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे पावसाळ्याची बेगमी मेमध्येच करायची. बहुतेक लोक शेवटच्या आठवड्यात धावतात. ते चुकीचं, कारण तोवर वळवाच्या सरी येऊन गेलेल्या असतात आणि भिजून पुन्हा वाळवलेला माल बाजारात मिसळतो. १५ मेच्या आत घ्या. सुकट ओंजळभर घेऊन मुठीत दाबा आणि सोडा: सुटी झाली तर कोरडी, गोळा राहिला तर ओली. मग थोडी पेल्यातल्या पाण्यात घाला. तळाला वाळू बसली तर ती किनाऱ्यावर उघड्यावर वाळवलेली. जाळ्यावर किंवा कापडावर वाळवलेली महाग मिळते, पण निवडण्याचा वेळ वाचतो. सोडे (सोललेली सुकी कोळंबी) फिकट केशरी, अर्धपारदर्शक आणि मोडताना तुटणारे हवेत. वाकणारे सोडे आत ओले असतात. खाऱ्या बांगड्यावर गुलाबी झाक किंवा चिकट थर दिसला तर मीठ घातलेलं असूनही तो बिघडलेला आहे, तिथून पुढे चला. पोटाची बाजू उघडून बघा, बिघाड आधी तिथेच दिसतो.

घरी आणलेली मासळी पुन्हा दोन दिवस कडक उन्हात घाला आणि रात्री आत घ्या, दव लागू देऊ नका. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरली की झाकणाला आतून वाफ धरते आणि तीच पुढे बुरशी आणते. तळाला आणि वर कागद, झाकण घट्ट. एकाच मोठ्या डब्यात भरण्यापेक्षा पंधरा-पंधरा दिवसांचे लहान डबे करा, म्हणजे भर पावसात रोज झाकण उघडून दमट हवा सगळ्या मासळीला लागत नाही. सुकट, सोडे आणि बांगडा वेगवेगळे ठेवा, कारण खारा बांगडा हवेतली ओल ओढतो आणि शेजारच्या सोड्यांनाही नरम करतो.